गेट पडलं, पंखा फिरेना

गाडी २००५ ची आहे. टर्बो पेट्रोल सेडान, १.८ लिटर, एका सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह, दीडशे हॉर्सपॉवर. ओळखणारे एवढ्यावर ओळखतील. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही, वीस वर्षं फिरलेला रेडिएटरचा (इंजिनचं पाणी गार करणाऱ्या जाळीचा) पंखा गेला तर त्यात कंपनीचा काय दोष. मी सहा वर्षांपूर्वी सेकंडहँड घेतली तेव्हा आई म्हणाली होती, "एवढ्या पैशात नवीन अल्टो आली असती की रे." तिचं बरोबर होतं, तरी घेतलीच.

हे लिहितोय कारण २०२५ च्या फेब्रुवारी-मार्चमधले पाच आठवडे या एका पंख्यापायी गेले आणि शोधताना मराठीत काहीच सापडलं नाही, आणि बेळगावात जुनी टर्बो गाडी बाळगणारे आपण मोजकेच. माझी एक मोठी चूक झाली आणि दुसरी होता होता राहिली, त्याही लिहितो.

९ फेब्रुवारी, रविवार. शहापुरात लग्न होतं, जेवून दीडच्या सुमाराला निघालो, मी, बायको, आई आणि मागे आहेराची पिशवी. टिळकवाडीच्या दुसऱ्या रेल्वे गेटला आलो आणि गेट पडलं. एक मालगाडी गेली, गेट उघडेना, म्हणजे दुसरी यायची होती. एसी चालू. पाच-सात मिनिटांत एसीची हवा गार यायची थांबली, नुसता वारा. आता कळतंय की पहिली खूण तीच होती आणि ती गेले दोन महिने दिसत होती. गाडी उभी राहिली की एसी मंद व्हायचा, चालायला लागली की परत गार. मी म्हणत होतो गॅस कमी झालाय, उन्हाळ्याआधी भरून घेऊ.

मग तापमानाचा काटा ९० वरून उठला. या गाडीचा काटा फसवा आहे हे आधी सांगतो, इंजिन साधारण ७५ पासून १०५ पर्यंत कुठंही असलं तरी काटा ९० वर ठोकल्यासारखा उभा असतो, लोकांनी घाबरू नये म्हणून तशीच योजना केलीय. त्यामुळं तो ९० च्या पुढं हलला म्हणजे उशीर झालेलाच असतो. टूं टूं टूं करून लाल दिवा. इंजिन बंद केलं. बॉनेटमधून तो गोडसर, काकवी करपल्यासारखा कूलंटचा, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचा वास. आई मागून म्हणाली, "काय करायलास रे, पेटली काय गाडी?"

गेट उघडलं, मागून हॉर्न सुरू. चालू करून हीटर फुल्ल गरमवर आणि ब्लोअर फुल्लवर टाकला, फेब्रुवारीत, काचा खाली करून. हीटरचा पण एक छोटा रेडिएटरच असतो, तो इंजिनची थोडी उष्णता आत ओढतो. काँग्रेस रोडला मोकळा रस्ता मिळाल्यावर अर्ध्या किलोमीटरात काटा खाली आला, आणि तिसऱ्या गेटजवळ गर्दीत उभं राहिलो की परत वर. तिथंच बाजूला घेतली. कूलंटच्या टाकीचं झाकण उघडायला हात गेला होता पण उघडलं नाही, उघडूच नका, आतलं पाणी दाबाखाली शंभराच्या वर गेलेलं असतं, तोंडावर येतं. घरचे रिक्षानं अनगोळला गेले, मी टोइंगची वाट बघत पावणेदोन तास. पॉलिसीत रोडसाइड मदत होती काय बघितलं, नव्हती. १२०० रुपये.

"उभी असताना तापते, पळताना गार होते" ही ओळ मी त्या दिवशी वहीत लिहून ठेवली असती तर पुढचे काही पैसे वाचले असते. पळताना वारा रेडिएटरमधून आपोआप जातो, उभी असताना तो पंख्यानं ओढावा लागतो. पळतानाही तापली असती तर थर्मोस्टॅट (पाणी तापलं की रेडिएटरकडं सोडणारी झडप), वॉटर पंप, चोंदलेला रेडिएटर असं बघायचं.

१० तारखेला गाडी एका गॅरेजला. १२ ला अंदाजपत्रक आलं, थर्मोस्टॅट, वॉटर पंप, "हेड गॅस्केट (इंजिनच्या दोन भागांमधलं सील) उघडून बघावं लागेल", सगळं मिळून २८,००० आणि गॅस्केट गेलं असेल तर वेगळं. मी विचारलं पंखा फिरतोय काय. म्हणाले, "फिरत नाही, तो डायरेक्ट करून देतो." डायरेक्ट म्हणजे चावी फिरवली की पंखा चालू, कायमचा. आपल्याकडं निम्म्या जुन्या गाड्यांत हेच केलेलं असतं. त्यानं चालतं खरं, पण सकाळी इंजिन वेळेवर तापत नाही, अल्टरनेटरवर (बॅटरी चार्ज करतो तो) कायम लोड, आणि मूळ दुखणं पंख्याच्या मोटरमध्ये असेल तर ती बिनफ्यूजची वायर एक दिवस वितळते. गाडी परत आणली. गॅरेजवाली चांगली माणसं आहेत, फक्त ही गाडी त्यांच्या हाताखालची नाही.

आता चूक नंबर एक. रात्री दोन वाजेपर्यंत व्हिडिओ बघून मी ठरवलं की थर्मो स्विच गेलाय. रेडिएटरच्या खालच्या बाजूला हा स्विच असतो, पाणी साधारण ९५ डिग्रीला गेलं की पंख्याचा हळू वेग चालू करतो आणि शंभराच्या वर गेलं की जोराचा. १३ ला ऑनलाइन मागवला, ११५० रुपये, १५ ला आला.

आल्यावर म्हटलं बसवायच्या आधी तपासू. दुधाचं जुनं पातेलं, पाणी, तारेला टांगलेला स्विच, त्याच्या पिनांना मल्टीमीटर, आणि हीने केकसाठी घेतलेला थर्मामीटर. आई ओट्याशी उभी राहून बघत होती, म्हणाली, "चहा टाकायचा होता, तुझं झालं की सांग." ९४-९५ ला मीटर वाजला, म्हणजे पहिला टप्पा ठीक. दुसरा टप्पा काही केल्या वाजेना. मी नवीन स्विच खराब म्हणून परत पाठवायला निघालो होतो. मग लक्षात आलं, बेळगाव साडेसातशे मीटर उंचीवर आहे, इथं उघड्या पातेल्यात पाणी साधारण साडेसत्त्याण्णवलाच उकळतं, त्याच्या वर जाणारच नाही, कितीही गॅस जाळा. आठवीचं भूगोल-विज्ञान पंचवीस वर्षांनी कामाला आलं. गाडीत पाणी शंभराच्या वर जातं ते झाकणाच्या दाबामुळं आणि कूलंटमुळं.

१६ ला, रविवारी, जुना स्विच काढून नवा बसवला. काढताना दोनेक लिटर गुलाबी कूलंट अंगणात. कुत्र्यांना ते गोड लागतं आणि कुत्र्या-मांजरांना विषारी असतं, लगेच धुऊन काढा. गाडी चालू केली, वाट बघितली, पंखा ढिम्म. स्विच परत करायला गेलो तर "इलेक्ट्रिकल पार्ट उघडल्यावर रिटर्न नाही" असं पानाच्या तळाशी बारीक अक्षरात होतं. ते आधी वाचत जा.

आणि खरं सांगायचं तर थर्मो स्विच नाही हे मला फुकटात कळलं असतं. या गाडीत एसी चालू केला की दोन्ही पंखे हळू वेगानं लगेच फिरले पाहिजेत, इंजिन गार असलं तरी, आणि त्या हुकुमाचा थर्मो स्विचशी संबंध नाही, तो बॅटरीच्या खाली बसवलेल्या पंख्याच्या कंट्रोल मॉड्यूलकडं वेगळ्या वायरनं जातो. एसी लावूनही पंखा गप्प म्हणजे बिघाड स्विचच्या पुढं कुठंतरी, मॉड्यूल, फ्यूज, वायर नाहीतर मोटर. दहा सेकंदांची टेस्ट. मी ११५० रुपये भरून ती नंतर केली.

त्याच संध्याकाळी ७५० रुपयांचा ब्लूटूथ स्कॅनर पण घेतला, डॅशबोर्डखालच्या सॉकेटला लावायचा. हा खर्च मात्र वसूल. काटा खोटं सांगतो, हा फोनवर खरा आकडा दाखवतो.

माझी नोकरी उद्यमबागला, हायड्रॉलिकच्या वर्कशॉपमध्ये. तिथं कॅन्टीनमध्ये रडगाणं गायलो तर मेंटेनन्सच्या पोरानं एका ऑटो इलेक्ट्रिशियनचं नाव सांगितलं, सगळे त्यांना मामा म्हणतात. पासष्टीचे असतील, आधी ट्रकची कामं करायचे. मंगळवारी १८ ला सहा वाजता ड्यूटी सुटल्यावर स्कूटरवरून आले. हातात स्कॅनर नाही, काही नाही, एक पिशवी आणि त्यात हेडलाइटचा जुना बल्ब, दोन वायरी सोल्डर केलेला. "नोडोण री," बघूया म्हणाले आणि बॉनेट उघडलं.

मी माझा मीटर काढला. थर्मो स्विचचा कपलर, म्हणजे वायरींचा प्लग, काढून पिना जोडल्या, मॉड्यूलमध्ये टक् आवाज आला, म्हणजे आतला रिले (मोठा करंट जोडणारा स्विच) ओढतोय. पंख्याचा कपलर काढून मीटर लावला, १२.४ व्होल्ट. मी म्हटलं, "मामा, करंट येतोय, म्हणजे मोटर गेली." हीच चूक नंबर दोन झाली असती, मी मोटर मागवून मोकळा झालो असतो. मामांनी काही न बोलता तोच कपलर घेतला आणि बल्ब लावला. पंचावन्न वॉटचा बल्ब, रणरणता पेटायला पाहिजे. पेटला तो देव्हाऱ्यातल्या निरांजनाएवढा, लालसर.

"आता मीटर लाव." बल्ब चालू असताना मीटर ३ व्होल्ट दाखवायला लागला.

हे मला नीट कळायला रात्र गेली. मीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट ओढत नाही, त्यामुळं वाटेत कुठं जळकट, कुजलेला जोड असला तरी त्याला पूर्ण १२ दिसतात. नळाला पाणी किती दाबानं येतंय ते तोटी बंद ठेवून बघितल्यासारखं. लोड लावला की खरं कळतं. मामांच्या भाषेत, "मीटरला फसवता येतंय, बल्बला नाही."

मग बल्ब घेऊन कपलरपासून मागं मागं जात तपासत गेलो. मॉड्यूलच्या बाहेर मंद, मॉड्यूलच्या आत येणाऱ्या जाड वायरीवर पण मंद, बॅटरीच्या टर्मिनलवर लख्ख. मधे उरला बॅटरीच्या झाकणावरचा फ्यूजचा डबा. या पिढीच्या गाड्यांत तो बॅटरीच्या डोक्यावरच बसतो आणि त्यात नटानं आवळायचे पट्टी फ्यूज असतात. पट्टी वरून अख्खी. नट काढला तर खालचं प्लास्टिक बिस्किटासारखं तपकिरी आणि ठिसूळ, पट्टीचं एक टोक काळंनिळं. नट बोटानं फिरत होता. प्लास्टिक वितळून बसकण मारलेलं, त्यामुळं पकड सुटलेली.

मला वाटलं सापडलं. मामा म्हणाले, "हे का तापलं ते अजून कळलं नाही."

बॅटरीचा निगेटिव्ह काढला आणि मला म्हणाले पंखा हातानं फिरव. छोटा पंखा बोटानं ढकलला तर दोन-तीन फेऱ्या मारून निवांत थांबला. मोठा ढकलला तर अर्ध्या फेरीत अडकला, आणि बोटाला ते जाणवतं, आत जात्यात खडा आल्यासारखं, खर्र. बॅटरी जोडलेली असताना हा हात घालू नका, इंजिन बंद असलं तरी हे पंखे कधीही चालू होतात. मग पंख्याला बॅटरीवरून वेगळी, मधे फ्यूज घातलेली जाड वायर दिली. छोटा लगेच फिरला. मोठा नुसता गुरगुरला, मामांनी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं मोटरच्या पाठीत एक टिचकी मारली तेव्हा निघाला. वर्कशॉपमधून आणलेला क्लॅम्प मीटर लावला, मोठा ३४ अँपिअर, छोटा ९.

म्हणजे कथा अशी, मोठ्या मोटरचं बेअरिंग आवळलं, ती जास्त करंट ओढायला लागली, त्या करंटनं फ्यूजचा जोड भाजत गेला, जोड भाजला म्हणून व्होल्टेज पडलं आणि शेवटी मोठा उठेना, आणि तो सगळं ओढून बसल्यामुळं धाकट्यालाही काही मिळेना. फक्त फ्यूजचा डबा बदलला असता तर तो पण भाजला असता. मी विचारलं तोवर मोठा फ्यूज घालू काय, तर मामा रागावले. "फ्यूज मोठा केलास तर पुढच्या वेळी वायर फ्यूज होतंय." पैसे विचारले तर ३०० घेतले, बसवताना परत येतो म्हणाले, तेव्हाचे ५००.

१९ ला अधिकृत सर्व्हिस सेंटरला फोन, आमच्या गावात नाही, दुसऱ्या शहरात. आरसीचे दोन्ही बाजूंचे फोटो, सतरा अक्षर-आकड्यांचा चासी नंबर, ईमेलनं विनंती, मग कोटेशन. फक्त मोठा पंखा १९,४००, पूर्ण पैसे आगाऊ, तीन ते चार आठवडे, आल्यावर परत नाही. चासी नंबर काचेच्या कोपऱ्यात दिसतो तो आरसीशी ताडून मगच पाठवा, माझ्या आरसीत झेरॉक्समध्ये ८ चा बी दिसत होता, एक दिवस त्यात गेला.

मग कोल्हापूरच्या दाजींना फोन केला. दाजींना गाड्यांचं वेड, आणि कोल्हापुरात जुन्या गाड्यांचा काढीव माल मिळतो. २१ ला त्यांना पूर्ण जोड सापडला, फ्रेमसकट दोन्ही पंखे, ४२०० रुपये. मी त्यांना फोनवर यादी सांगितली, मोठ्याचं पातं ३४५ मिलिमीटर आणि छोट्याचं २९०, टेपनं मोजा, कपलर तोच आहे काय फोटो पाठवा, हातानं फिरवा, दांडा हलतो काय बघा, आणि दुकानातच बॅटरी लावून पाच मिनिटं चालवा. दाजी म्हणाले, "अरे नवरी बघायला आलोय काय पंखा घ्यायला?" पण सगळं केलं त्यांनी. शनिवारी २२ ला सकाळच्या एसटीत ड्रायव्हरकडं देतो म्हणाले, बेळगाव स्टँडला उतरवून घे.

आणि २२ ला एसटी बंद. आदल्या दिवशी बेळगावजवळ कंडक्टरला मारहाण झाली होती, त्यावरून मराठी-कन्नड वाद पेटला आणि कर्नाटक-महाराष्ट्र दोन्हीकडच्या बस सीमेवर थांबल्या. आम्हाला हे नवीन नाही, इथं लहानाचे मोठे झालेल्यांना माहीत आहे, चार-दोन वर्षांनी बस थांबतात, परत सुरू होतात. पण माझा पंखा कोल्हापुरात आणि रेडिएटर अनगोळात.

शेवटी रविवारी २३ ला दाजी बाईकवर पोतं बांधून कोगनोळीच्या टोल नाक्यापर्यंत आले आणि मी इकडून आपल्या कर्नाटकच्या बसनं निपाणी, पुढं वडाप, म्हणजे शेअर गाडी. ही पण आली, म्हणाली ताईला निरोप फोनवर नको, दाजींना भेटूनच देते. तिचं तिकीट शून्य, कर्नाटकात बायकांना फुकट बसप्रवासाची शक्ती योजना आहे, त्यात आधार दाखवलं आणि झालं, माझं पूर्ण, आणि परतताना पंख्याचं लगेज. कंडक्टरनं पोत्याला हात लावून विचारलं, "एन री इदु?" म्हणजे काय आहे हे. मी माझ्या मोडक्या कन्नडमध्ये फ्यान, कारिंदु, असं काहीतरी बोललो. तो हसला आणि मराठीत म्हणाला, "मग उघडं ठेवा की, बसमध्ये उकडायलंय." येणंजाणं सगळं मिळून ३६० रुपये.

फ्यूजचा डबा नवाच मागवला, १९००, तो १ मार्चला आला. तोवर २६ ला शिवरात्रीची सुट्टी होती, उपवासाची खिचडी खाऊन खालचं पत्र्याचं कव्हर काढलं आणि जुनी फ्रेम सोडवली. एक बोल्ट गंजून बसलेला, त्यानं दीड तास खाल्ला. आदल्या रात्री गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवा. आणि बॅटरी काढायच्या आधी रेडिओचा कोड शोधून ठेवा, या गाड्यांचा रेडिओ बॅटरी काढली की कोड मागतो. माझा मॅन्युअलच्या मागच्या कप्प्यात एका कार्डावर निघाला, नशीब, आधीच्या मालकानं फेकला नव्हता.

२ मार्चला मामा आले. जुना मोठा पंखा बाहेर काढल्यावर त्याची मोटर हलवली तर आत काहीतरी खुळखुळत होतं. नवा डबा, टर्मिनल पॉलिश पेपरनं घासून, नट नीट आवळून. पहिल्यांदा बल्ब, लख्ख. मग एसी. दोन्ही पंखे एकदम सुरू झाले तेव्हा मी मामांकडं बघितलं, ते क्लॅम्प मीटरकडं बघत होते. मोठा १९ अँपिअर. "आगतैति, बिडरी," म्हणजे होतंय, सोडा, एवढंच.

कूलंट पाच लिटर १४०० चं आणलं, गुलाबीत गुलाबीच, हिरवं मिसळायचं नाही आणि पाणी घालायचं तर डिस्टिल्ड. भरल्यावर हवा निघेपर्यंत हीटर चालू ठेवून इंजिन चालवलं, दुसऱ्या दिवशी गार झाल्यावर परत पातळी बघितली, अर्धा लिटर खाली गेली होती, भरली. पुढचे आठ दिवस रोज सकाळी बघत होतो, हललं नाही, म्हणजे हेड गॅस्केटची भीती तरी गेली.

एकूण ११,७६०, त्यात ११५० माझ्या घाईचे. जुना थर्मो स्विच डब्यात ठेवलाय, तो चांगला आहे.

१६ मार्चला रविवारी दुपारी मुद्दाम दुसऱ्या गेटला गेलो. एकटाच. ऊन चांगलं तापलेलं, एसी बंद ठेवला, म्हणजे पंखा स्विचच्याच हुकमावर लागायला पाहिजे. गेट उघडंच होतं, वळसा मारून परत आलो, तिसऱ्या खेपेला पडलं. फोनवर आकडा चढत होता, ९१, ९३, ९४, बाजूचा रिक्षावाला माझ्याकडं बघतोय की हा फोनकडं बघून का घाम पुसतोय. ९६. पुढून घर्र करून पंखा लागला, ९५, ९४, ९२, बंद झाला. परत चढलं, परत लागला. मालगाडीचे डबे मोजायचं पण विसरलो. गेट उघडलं तेव्हा मागच्या टेम्पोवाल्यानं हॉर्न देऊन देऊन शेवटी काचेवर टकटक केलं, "ओ दादा, झोपला काय?"